कागदावर भरलेली अक्षरे : धंदा चांगला, पण मजुरी आधी ठरवा

जाड कागदावर सुईदोऱ्याने भरलेली अक्षरे हा माल अलीकडे भेटवस्तूंच्या दुकानांत आणि मोबाईलवरच्या बाजारात दिसू लागला आहे. नवरा-नवरीची नावे, बाळाचे नाव आणि जन्मतारीख, ‘ईद मुबारक’, ‘निकाह मुबारक’ असे दोन-चार शब्द कागदालाच भोके पाडून रंगीत दोऱ्याने शिवलेले असतात. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात नगर शहरापासून संगमनेर-श्रीरामपूरपर्यंत आपल्या घरांत सुई चालवणारे हात आहेत. ब्लाऊजवरचे आरीवर्क, दुपट्ट्याची किनार, फॉल-पिको ही कामे घरबसल्या होतात. तेव्हा हा नवा माल आपण का करू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो.

जरूर करावा, असे माझे मत आहे. मात्र आज तो ज्या रीतीने शिकला आणि विकला जातो त्याच रीतीने केला, तर वर्षभरात त्याची गत फॉल-पिकोसारखी होईल. काम भरपूर आणि हातात शेवटी चिल्लर. ही वेळ येऊ नये म्हणून शिकणाऱ्या भगिनींशी आणि माल विकणाऱ्या व्यापारी बांधवांशी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे.

जरीकाम करणाऱ्या कारागिराला यातले निम्मे काम आधीच येते. कारचोबावर कापड ताणले की नक्षी उमटवण्यासाठी खाका लागतो. बटर पेपरवर नक्षी काढायची, रेषेरेषेवर सुईने बारीक भोके पाडायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली खडूची किंवा निळीची पूड बोळ्याने वरून फिरवायची. रंग भोकांतून झिरपतो आणि कापडावर नक्षी उतरते. कारखान्यात काम संपले की हा खाका कोपऱ्यात पडतो. इथे भोके पाडलेला कागद हाच माल आहे. त्यामुळे आपल्या जरीवाल्यांना हे शिकायला परक्या उस्तादाकडे जाण्याचे कारण नाही.

फरक आहे तो कागदाच्या स्वभावात. कापडावर टाका चुकला तर उसवता येतो, नखाने धागे सारखे केले की भोक दिसेनासे होते. कागदाचे भोक मिटत नाही. म्हणून सुईत दोरा ओवण्यापूर्वीच सगळे काम ठरलेले असावे लागते. अक्षर प्रथम बटर पेपरवर नेमके काढावे. खाली जाड नमदा किंवा जुन्या सतरंजीची घडी घ्यावी, तिच्यावर कागद आणि कागदावर खाका ठेवून तो चिकटपट्टीने पक्का करावा, आणि टाचणीने किंवा बारीक टोच्याने भोके पाडावीत. सरळ रेषेत दोन भोकांमध्ये अडीच-तीन मिलिमीटर अंतर पुरते. वळणावर ते कमी करावे लागते, नाही तर गोलाई मोडून कोपरे दिसतात. फार जवळ टोचले तर टपाल तिकिटाच्या कडेसारखा कागद फाटून येतो. भोके पुढच्या बाजूने पाडावीत, म्हणजे त्यांचा खरबरीत काठ मागे जातो. मागून टोचायचेच असेल तर खाका पालथा ठेवावा, नाही तर अक्षर आरशात पाहिल्यासारखे उलटे होते.

टाक्यांपैकी उलटी टीप अक्षराला सर्वांत भरवशाची. रेषा अखंड दिसते आणि कागदावर ताण कमी येतो. देठटाका वळणदार अक्षराला शोभतो. साखळी टाका कपड्यावर सुंदर दिसला तरी कागदावर जपून वापरावा, कारण सुई त्याच भोकातून पुन्हा जाते आणि भोक रुंदावते. जाड अक्षर भरीव टाक्याने भरायचे असेल तर समोरासमोरची भोके एका ओळीत न पाडता एक आड एक मागेपुढे घ्यावीत. सहा पदरी दोऱ्याचे दोन पदर पुरतात. दोरा ओढताना वर खेचू नये, कागदाच्या पातळीत सावकाश ओढावा. मागे गाठ मारू नये. गाठीचा उंचवटा पुढून दिसतो आणि गठ्ठ्यात शेजारच्या कार्डावरही उठतो. दोऱ्याचे टोक टाक्यांखाली दाबून चिकटपट्टी लावावी आणि मागे दुसरा कागद दुहेरी पट्टीने बसवावा. पातळ गोंदाने कागद सुरकुततो. अंगुस्तान घालायची सवय नसेल तर ती लावून घ्यावी, कारण जाड कागद बोटाला कापडासारखी माया दाखवत नाही.

कागद कोणता घ्यावा? लग्नपत्रिकेचे चकचकीत कार्ड या कामाला निकामी. त्याचा वरचा थर भोकाभोवती फुटतो. अडीचशे जीएसएमच्या आसपासचा, चकाकी नसलेला कागद बरा. सर्वांत उत्तम सुती चिंध्यांचा हातकागद. त्यातला तंतू लांब असतो, म्हणून भोक पडले तरी कड टिकते. हा कागदही आपल्याच लोकांचा वारसा आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच कागद बनवणाऱ्या कागजी घराण्यांवरून पडले. जुन्नरचा कागद एके काळी प्रसिद्ध होता, आणि पुण्यातल्या कसबा पेठेतला कागदीपुरा अशाच कारागिरांनी वसवला. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली तीही या जुन्या विद्येला पुन्हा उभे करण्यासाठीच. आज हातकागदाचे मोठे केंद्र राजस्थानातले सांगानेर आहे आणि तेथेही हा धंदा कागजी घराण्यांच्याच हातात वाढला. अक्षर भरणाऱ्याने निदान आपला कागद कोठून येतो एवढी चौकशी ठेवावी. गिऱ्हाईक ती विचारते आणि त्याचे पैसेही देते.

टाका हुशार मुलीला आठवड्यात जमतो. अक्षर जमायला महिने लागतात. शिकणाऱ्यांपैकी बहुतेकजणी इथेच घाई करतात. मोबाईलवरून तयार नमुना उतरवतात आणि त्यावर सुई चालवतात. नमुना चुकीचा असेल तर चूक दोऱ्याने पक्की होते. उर्दूत तर एका नुक्त्याने घात होतो. ‘रहमत’ लिहिताना ‘रे’वर एक नुक्ता जादा पडला की त्याची ‘जहमत’ होते. कापडावर तो नुक्ता उसवता आला असता. कागदावर त्याचे भोक राहते. म्हणून नुक्त्याची भोके सर्वांत शेवटी, लिहिता-वाचता येणाऱ्या दुसऱ्या माणसाने खाका तपासल्यावरच पाडावीत, असा नियम प्रत्येक कामाच्या जागी असावा. मराठीतही तेच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले नाव भिंतीवर कोणी लावत नाही.

शिकण्याचा क्रम माझ्या मते असा असावा. पहिल्यांदा चौकटीच्या कागदावर चौकोनी कुफी. तिच्यात सगळ्या रेषा उभ्या-आडव्या असल्याने अंतर राखण्याचा सराव होतो. मग देवनागरी. शिरोरेषा सरळ असते, तिच्यावर टीप सफाईने बसली की खालच्या वळणांकडे जावे. त्यानंतर नस्ख. नस्तालीक सर्वांत शेवटी, कारण तिच्यात शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो, जाड-बारीक सतत बदलते आणि बोरूचा कल ज्याच्या मनात बसलेला नाही त्याच्या सुईला ते सापडत नाही. नस्तालीकचे जाड अंग दाखवायला दोन्ही कडांना टीप घालून मध्ये भरीव टाका घ्यावा आणि अक्षर जेथे निमुळते होते तेथे दोन्ही कडा एकाच भोकात मिळवाव्यात. नुक्ता गाठीच्या टाक्याने किंवा एका मण्याने होतो.

हे अक्षर शिकवायचे कोणी? माणसे आहेत, आपण त्यांना विसरलो आहोत. उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके एके काळी कातिबांच्या हाताने लिहिली जात. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक यंत्रावर आली, १९९४ मध्ये इनपेज निघाले आणि बघता बघता किताबतीचा धंदा बसला. चेन्नईचे ‘मुसलमान’ हे १९२७ साली निघालेले दैनिक हाताने लिहिले जाते म्हणून बातम्यांत आले, त्याचे कारण तसे दुसरे उरले नव्हते हेच. त्या पिढीतले जे कातिब हयात आहेत ते वयाने थकले, पण त्यांचा हात अजून आहे. मशिदीची पाटी किंवा मदरशाची सनद लिहिणारा एखादा बुजुर्ग बहुतेक तालुक्यांत सापडेल. त्याला सन्मानाने बोलवावे, मानधन द्यावे आणि महिनाभर मुलींना फक्त खत शिकवायला सांगावे. सुई त्या महिन्यात बंद. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचेही खुशखतीचे अभ्यासक्रम आहेत, त्यांची माहिती मिळवावी. देवनागरीसाठी चित्रकला शिक्षक किंवा जुना साईनबोर्ड पेंटर चालेल. फ्लेक्सने त्या बिचाऱ्याचाही धंदा खाल्ला आहे.

लिहिणारा वेगळा आणि घडवणारा वेगळा ही वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. खत्तात अक्षर काढून देई आणि संगतराश ते दगडात कोरी. नगरमधली दमडी मशीद १५६७-६८ च्या सुमाराची. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी आपल्या कमाईतून दमडी-दमडी जमवून ती बांधली, असे सांगतात. तिच्या दगडातले कोरीव काम आजही पाहण्यासारखे आहे. ज्यांना अक्षर आणि नक्षी एकमेकांना कशी धरून असते हे समजून घ्यायचे आहे, त्यांनी एक सकाळ तेथे घालवावी. सुईच्या बाबतीत सर्वांत मोठे उदाहरण काबागृहाच्या किस्वाचे. काळ्या रेशमावर आधी अक्षराचा आराखडा उमटवतात, सुती दोऱ्याची भर घालून अक्षर उंच करतात आणि वर सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार बसवतात. १९२७ मध्ये मक्केत किस्वा तयार करण्याचा कारखाना निघाला, तेव्हा त्यात हिंदुस्थानातून गेलेले कारागीर कामाला होते. अशा कारागिरांचा वारसा सांगणाऱ्यांनी मोबाईलवरचा नमुना छापून त्यावर टाके घालत बसावे, हे मनाला पटत नाही.

पाश्चात्त्य देशांत हे काम एकदा येऊन गेले आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत कारखान्यातून भोके पाडून आलेले जाड कागद मिळत आणि त्यांवर घरोघरी बोधवाक्ये भरली जात. पुढे त्यावर शब्दही छापूनच येऊ लागले, बाईने फक्त दोरा भरायचा. मग सगळ्या घरांत तीच वाक्ये, तीच फुले. शतक संपता संपता ती आवड ओसरली. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, फ्रान्समध्ये भरतकामाची पोस्टकार्डे सैनिकांनी भरपूर घेतली. जाळीदार रेशमी पट्ट्यांवर बाया घरी भरत आणि कारखाना त्या पट्ट्या कापून कार्डावर चिकटवी. युद्ध संपले, गिऱ्हाईक घरी गेले. यावरून धंद्याचा अंदाज घ्यावा. तयार नमुन्याचा माल कोणीही करतो. नाव घालून, मागणीप्रमाणे, एकाच माणसासाठी केलेला माल यंत्राला आणि शेजारच्या दुकानाला सहज करता येत नाही.

आता गिऱ्हाईक कोण, हे पाहू. पहिला विचार लग्नपत्रिकेचा येतो आणि तो मला साफ नामंजूर आहे. पाचशे पाहुण्यांना पाचशे भरलेल्या पत्रिका वाटणे हा इसराफ आहे. निकाह सोपा करा, खर्चाचा बोजा टाकू नका, असे आपण जुम्याच्या बयानात ऐकायचे आणि दुकानात बसून बापाला महागडी पत्रिका गळ्यात मारायची, हे शोभत नाही. धंद्याच्या दृष्टीनेही तो फसवा रस्ता आहे. आमंत्रण आज व्हॉट्सॲपवर जाते, छापील पत्रिकाही मोजक्याच निघतात. पाचशे नग घाईने भरायचे म्हटले की हात बिघडतो आणि दर पडतो. एका लग्नात एक किंवा दोनच नग असावेत: निकाहनाम्याच्या फोल्डरवर दोघांची नावे आणि तारीख, किंवा सेहऱ्याचा मथळा. सेहरा छापून फ्रेम करण्याची जुनी रीत अजून काही घराण्यांत आहे. तो कागद घरात तीस-चाळीस वर्षे राहतो. त्याच्यासाठी लोक पैसे मोजतात आणि त्यात उधळपट्टीही होत नाही.

दुसरे गिऱ्हाईक आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली आहे आणि तिकडे कोणाचे लक्ष नाही. ते म्हणजे मानपत्र. १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून हा जिल्हा सहकाराचा म्हणून ओळखला जातो. कारखाने, दूध संघ, पतसंस्था, शिक्षण संस्था, विकास सोसायट्या. या प्रत्येक ठिकाणी वर्षातून काही निवृत्तीचे आणि सत्काराचे कार्यक्रम होतात. शाल, श्रीफळ आणि मानपत्र दिले जाते. मानपत्र आजकाल कॉम्प्युटरवर छापून, चकचकीत फ्रेममध्ये, सगळ्यांचे एकसारखे. त्यावर ‘मानपत्र’ हा मथळा आणि सत्कारमूर्तीचे नाव एवढेच हाताने भरलेले असेल आणि मजकूर छापील असेल, तर तो नग घरच्या भिंतीवर उठून दिसतो. संस्थेला खर्च परवडतो, कारण एका कार्यक्रमात एकच लागतो. यासाठी देवनागरी उत्तम यायला हवी. आपला माल फक्त आपल्याच समाजात खपावा हा हट्ट व्यापाऱ्याने धरू नये. नगरच्या कापडबाजारात दुकान चालवणाऱ्याला हे सांगायची गरज नाही.

एका गोष्टीत मात्र सावध राहावे. कुरआनची आयत, बिस्मिल्लाह किंवा अल्लाहचे नाव अशा कागदावर भरू नये, जो पुढे रद्दीत किंवा पायाखाली जाईल. ही बेअदबी टाळायची म्हणून लोक पत्रिकेवर ७८६ लिहू लागले. त्याबद्दल उलेमांत मतभेद आहेत आणि त्यात मी पडत नाही. व्यापाऱ्याने साधा नियम करावा. फ्रेममध्ये काचेखाली राहणाऱ्या वस्तूवरच आयत, आणि तीही आलिमाने खाका पाहिल्यानंतर. पाकीट, पुस्तकखूण, भेटकार्ड यांवर नाव आणि मुबारकबाद पुरेशी आहे.

आता मजुरी. ‘मानपत्र’ हा शब्द इंचभर उंचीच्या अक्षरात भरायचा म्हटले, तर सगळ्या रेषांची लांबी साधारण तीस सेंटिमीटर होते. अडीच मिलिमीटरला एक भोक धरले तर सव्वाशेच्या आसपास भोके. उलट्या टिपेला मीटरभरही दोरा लागत नाही. आठ मीटरच्या लडीतून दोन-दोन पदर काढले तर चोवीस मीटर मिळतात, म्हणजे एका लडीत असे वीसहून जास्त शब्द. दोऱ्याची किंमत जवळजवळ नाहीच. लागतो तो वेळ. खाका, टोचणे, भरणे आणि मागची सफाई धरून सरावलेल्या हातालाही दीड-दोन तास लागतात. समजा दुकानदाराने शब्दाला तीस रुपये दिले. दोन तासांचे तीस म्हणजे तासाला पंधरा; आठ तास मान खाली घालून बसले तरी एकशेवीस. निंदणीला जाणारी बाई याहून जास्त नेते, आणि तिचे डोळे तरी शाबूत राहतात.

नगावर मजुरी ठरली की हेच होणार. म्हणून दुकानदाराने पहिले पाच नग समोर करून घ्यावेत, घड्याळ लावावे आणि तासाचा दर आधी ठरवून त्यावरून नगाचा दर काढावा. खत लिहिणाऱ्याचा हिस्सा वेगळा. टोचलेला पण बिघडलेला कागद कोणाच्या खात्यावर, हेही तोंडी न ठेवता लिहून ठेवावे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्याला पाठ आहे; पण घरी काम करणाऱ्या बाईचा घाम दिसत नाही म्हणून तिचे पैसे माल विकल्यानंतर देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी पडली आहे. माल खपो न खपो, जोखीम व्यापाऱ्याची. नफा त्याचा असतो तो याच जोखमीबद्दल. आणि यंत्रावर भरलेला माल हातचा म्हणून विकणे हे मापात पाप आहे. गिऱ्हाईक मागची बाजू पाहून ओळखते. यंत्राच्या टाक्यात खाली वेगळा बॉबीनचा दोरा असतो, हाताच्या टाक्यात वरखाली एकच.

सरकारी मदतीबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. त्यांत शिंपी आहे, भरतकाम नाही. तेव्हा दलालाच्या नादी लागून चुकीचा अर्ज भरू नये. भरतकाम हा हस्तकलेत मोडतो, आणि केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तालयाकडून कारागिराला ओळखपत्र मिळते. उद्यम नोंदणी मोफत होते, तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. भगिनींनी ओळखपत्र स्वतःच्या नावावर काढावे; भाऊ किंवा नवऱ्याच्या नावावर काढले तर प्रदर्शनातला गाळा त्यांच्याच नावावर जातो.

खाका कोणाचा, हाही प्रश्न लवकरच येईल. माझ्या मते खत्तात आणि भरणारी यांनी तो आपल्याकडे ठेवावा, दुकानदाराला फक्त तयार माल द्यावा. एकदा खाका दुकानात गेला की पुढच्या महिन्यात तोच दुसऱ्या गल्लीत कमी दराने भरला जातो.

मानपत्राचा हंगाम ठरलेला आहे. जुन्या शाळांच्या दाखल्यांत असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून लागलेली आहे. गुरुजींची ती मेहेरबानी. त्यामुळे निवृत्त्यांचा मोठा लोंढा ३१ मे रोजी येतो. सत्काराची तयारी एप्रिलपासून होते. रमजान सध्या हिवाळ्याच्या अखेरीस येत असल्याने त्या महिन्यात घरच्या बायांकडून जादा काम होत नाही, हे धरून चालावे. म्हणजे ज्यांना या वर्षी सुरुवात करायची आहे त्यांनी खताचा महिना दिवाळीनंतर लगेच ठेवावा आणि पाच-सहा नमुन्याचे नग घेऊन ईदनंतर आपल्या तालुक्यातल्या पतसंस्थांच्या आणि शाळांच्या कार्यालयांत जावे.